फोंड्याच्या ताईंकडे ड्रोनची वायरिंग नव्याने करून घेतली, त्याबद्दल

आधी निकाल सांगतो, मग हकिगत. कॅमेरा वाहणारा मोठा मल्टिरोटर, म्हणजे अनेक पंख्यांचा ड्रोन, तुमच्याकडे असेल, तो तयार डब्यातून न येता सुटे भाग जोडून केलेला असेल आणि तुम्ही गोव्यात असाल, तर एकदा या ताईंना दाखवा. पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

दुकानाला पाटी नाही. फोंड्याहून कवळ्याकडे जाताना घराच्या पडवीला लागून दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत ताईंचे वडील पंपांच्या मोटरी रिवाइंड करतात. कुळागरवाल्यांच्या, म्हणजे माड-पोफळींच्या बागा असलेल्यांच्या, जळलेल्या मोटरी दारापर्यंत रचलेल्या असतात आणि वार्निशचा वास रस्त्यावरूनच येतो. आतल्या खोलीत ताई. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सर्किट बोर्डांवर सोल्डरिंग करत होत्या, ती नोकरी सोडून आता हे. मी वयाने बराच मोठा, पण सगळे ताई म्हणतात म्हणून मीही ताईच म्हणतो. नाव-नंबर इथे देत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. फोन वाजत राहिला की हात थांबतो, म्हणाल्या. फोंड्यात ड्रोन उडवणाऱ्या कुणालाही विचारा, पत्ता मिळेल.

माझा साखळी गावात स्टुडिओ आहे, वडिलांच्या वेळचा. पूर्वी पासपोर्ट फोटो आणि लग्नाचे अल्बम, आता लग्नाची फिल्म, होमस्टेची जाहिरात, जमिनीचे व्हिडिओ. छोट्या कामांना छोटा घडीचा ड्रोन आहेच. पण काही गिऱ्हाइकांना मिररलेस कॅमेऱ्याचं चित्र हवं असतं, लेन्स बदलून हवी असते. त्यासाठी हेक्साकॉप्टर लागतो. सहा हात, पंधरा इंची प्रॉप (पंखे), खाली तीन अक्षांचं गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारी मोटरींची चौकट, त्यात कॅमेरा. पोटात सहा सेलची दहा हजार एमएएचची लाइपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी. सगळं मिळून पावणेपाच किलोच्या आसपास. म्हणजे नियमांच्या भाषेत ‘स्मॉल’ वर्ग, दोन ते पंचवीस किलोंमधला. नोंदणी, पायलटचं सर्टिफिकेट, दाबोळी आणि मोपा या दोन विमानतळांची वर्तुळं टाळत सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा बघणं, ही सगळी वेगळीच पोथी आहे. इथे उघडत नाही.

जोडलेली यंत्रं एवढी का दिसतात, तर २०२२ च्या फेब्रुवारीत केंद्राने परदेशातून तयार ड्रोन आणण्यावर बंदी घातली. सुटे भाग मात्र आणता येतात. मोटरी, ईएससी (मोटरींचा वेग सांभाळणारे बोर्ड), फ्लाइट कंट्रोलर (उड्डाण सांभाळणारा मेंदू), फ्रेम सगळं पार्सलने येतं, आणि ते जोडणारे लोक पावसाळ्यातल्या अळंब्यांसारखे उगवले. त्यांतले काही उत्तम आहेत. माझा हेक्सा ज्याने जोडला त्याचं नाव घेत नाही, तो गोव्यातला नाही एवढंच सांगतो.

तक्रारी तीन होत्या. पहिली सगळ्यात वाईट. हवेत एका जागी उभा करायचा म्हटला की हेक्सा घिरट्या घालायला लागायचा. आधी हातभर, मग दोन हात, मग घेर वाढतच जायचा. जीपीएसचे उपग्रह भरपूर, वारा नाही, तरी हे. सावईवेऱ्याजवळच्या एका कुळागरात होमस्टेचं काम होतं. माडांच्या शेंड्यांवरून सरळ खाली पाटाच्या पाण्यावर यायचा शॉट हवा होता. पोफळींच्या मधोमध असा गोल फिरणारा पाच किलोचा ड्रोन म्हणजे काय, ते ज्याने उडवलाय त्यालाच कळेल. मॅन्युअलवर घेतला, उतरवला, मालकाला म्हटलं आज एवढंच.

दुसरी तक्रार गिंबलची. चढताना किंवा अचानक वेग घेताना ते क्षणभर मान टाकायचं. क्षितिज दोन-तीन अंशांनी कलायचं आणि परत सरळ व्हायचं. एडिटिंगमध्ये हे लपत नाही. तिसरी तक्रार जमिनीवरच्या मॉनिटरवर आडव्या रेषा. थ्रॉटल, म्हणजे मोटरींचा जोर, वाढवला की रेषा वाढायच्या. कार्डावरचं रेकॉर्डिंग स्वच्छ असतं हे खरं, पण फ्रेमच दिसत नसेल तर रेकॉर्डिंग कशाचं करणार?

मी तोवर दोघा-तिघांना विचारलं होतं. कुणी म्हणालं जीपीएस बदला, कुणी म्हणालं गिंबलचं ट्यूनिंग करा, कुणी नवा व्हिडिओ ट्रान्समीटर सुचवला. तीन तक्रारी, तीन खरेद्या. ताईंनी काहीच सुचवलं नाही. प्रॉप काढले आहेत ना, एवढं विचारलं आणि वरची प्लेट खोलली.

मग थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत. नंतर कोकणीत, माझ्याकडे न बघता: ‘‘हें कोणें केलां?’’

आतलं दृश्य असं होतं. सहा ईएससींच्या सहा लाल वायरी एकत्र पिळून एकच मोठा सोल्डरचा गोळा केलेला, त्यावर काळी इन्सुलेशन टेप. काळ्या वायरींचा दुसरा गोळा फ्रेमच्या दुसऱ्या टोकाला. टेपचा गोंद उन्हाने पातळ होऊन वायरींवर ओघळलेला. बॅटरीकडून येणारी वायर चौदा गेजची, आणि टोकाला एक्सटी-६० कनेक्टर. त्या कनेक्टरचं पिवळं प्लास्टिक एका बाजूला चहाच्या डागासारखं तपकिरी झालेलं. ताईंनी त्यावर नख दाबलं तर खूण उमटली. आतली पिन हलत होती.

एक्सटी-६० म्हणजे नावाप्रमाणे साठ अँपिअरचा. माझा हेक्सा हवेत नुसता उभा राहायला पंचवीसेक अँपिअर घेतो, जोरात चढताना सत्तरपर्यंत जातो. काठावरचंच काम. पण ताईंचं म्हणणं वेगळं होतं. कनेक्टर लहान आहे हा अर्धाच दोष, त्याचा सोल्डर थंड आहे हा खरा. सोल्डर वितळला, पण जाड वायर आणि पिन पुरेशी तापलीच नाही, म्हणून तो आत न मुरता वर बसून राहिला. असा जोड चकाकत नाही, राखाडी आणि खरबरीत दिसतो.

आणि हे त्यांनी नुसतं बोलून सोडलं नाही, मोजून दाखवलं. भिंतीला टेकवलेली एक फळी आहे, तिच्यावर गाडीच्या हेडलाइटचे पंचावन्न वॅटचे आठ बल्ब, दोन-दोनच्या जोड्या. बल्ब बारा व्होल्टचे, म्हणून जोडीतले दोन एकापुढे एक जोडलेले, म्हणजे सहा सेलची बॅटरी त्यांना चालते. सगळ्या जोड्या लावल्या की अठराएक अँपिअर वाहतात. खोली उजळली, आणि ताईंनी मल्टिमीटरची दोन टोकं कनेक्टरच्या अलीकडे-पलीकडे टेकवली. दीडशे मिलिव्होल्ट. म्हणजे त्या एका जोडात आठ मिलिओहमच्या वर रोध. कागदावर आकडा किरकोळ वाटतो. पण सत्तर अँपिअरला तिथेच अर्ध्या व्होल्टहून जास्त गळतं आणि चाळीस वॅट उष्णता होते. कनेक्टर तपकिरी होणारच. काम झाल्यावर त्याच फळीवर, तेवढ्याच करंटला नव्या कनेक्टरने अकरा मिलिव्होल्ट दाखवले.

आता घिरट्यांचं. ड्रोनला उत्तर दिशा कुठे आहे हे होकायंत्र सांगतं, म्हणजे जीपीएसच्या डबीतली मॅग्नेटोमीटरची चिप. ती पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र वाचते आणि आपल्याकडे ते सुमारे चाळीस मायक्रोटेस्ला भरतं. वायरीतून करंट गेला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, हे डेन्मार्कच्या ओर्स्टेडने १८२० साली होकायंत्राच्या सुईवरच दाखवलं होतं. ताईंनी ग्राफपेपरच्या कोपऱ्यात हिशोब मांडला. पंचवीस अँपिअरची एकटी वायर, पाच सेंटीमीटरवर चिप, तर शंभर मायक्रोटेस्ला. पृथ्वीच्या अडीचपट! आणि माझ्या यंत्रात नेमकं तेच होतं. लाल वायर जीपीएसच्या डबीखालून, काळी पलीकडच्या बाजूने. दोन्ही शेजारी असत्या तर दोघींची क्षेत्रं एकमेकींना खोडून काढतात. लांब असल्या की मधला सगळा भाग एक मोठं वेटोळं होतो आणि होकायंत्र त्याच्या कुशीत. थ्रॉटल बदलला की करंट बदलतो, करंट बदलला की ‘उत्तर’ सरकते. ड्रोन चुकीच्या दिशेला दुरुस्ती करतो, ती चूक दुरुस्त करायला पुन्हा चुकीच्या दिशेला जातो, आणि गोल फिरतो. नवा जीपीएस घेतला असता तर त्याच जागी बसवला असता, आणि तोही गोल फिरला असता.

या एका गोष्टीसाठी मी त्यांना पाच तारे द्यायला तयार आहे. बाकी सगळे सामान विकायला बसले होते, यांनी करंट कुठून कुठे जातो ते बघितलं.

काम काय केलं ते थोडक्यात. सगळं सोडवलं. मधोमध जाड तांब्याचा वीज वाटणारा बोर्ड, सहा ईएससींच्या जोड्या त्यावर सारख्या लांबीने. बॅटरीची वायर दहा गेजची, म्हणजे आधीपेक्षा जाड, सिलिकॉनची, लाल-काळी एकमेकींना पीळ देऊन. जीपीएस पंधरा सेंटीमीटरच्या दांड्यावर उंच. बॅटरीला एक्सटी-९० एस, म्हणजे ठिणगीविरोधी. हा प्रकार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: सहा सेलची भरलेली बॅटरी २५.२ व्होल्टची. ती लावताक्षणी ईएससींचे रिकामे कपॅसिटर एकदम करंट ओढतात, फट्‌ आवाज होतो, ठिणगी पडते, आणि दर वेळी पिनेवर काळा खड्डा वाढत जातो. या कनेक्टरमध्ये पिन पूर्ण बसण्याआधी ५.६ ओहमच्या रेझिस्टरला लागते. करंट साडेचार अँपिअरवर अडतो, कपॅसिटर शांतपणे भरतात, मग पिन पुढे सरकते. एका अर्ध्याला हिरवी कड असते, त्यावरून ओळखायचा. किंमत साध्या जोडीपेक्षा थोडीच जास्त. हे बसवायला आधीच्या माणसाला काय झालं होतं, देव जाणे.

सोल्डर करताना बघण्यासारखी एक गोष्ट. कनेक्टरचा अर्धा भाग वायरीला डागताना त्यांनी दुसरा अर्धा त्यात खुपसून ठेवला होता. प्लास्टिक तापून मऊ झालं तरी पिना जागच्या हलत नाहीत, आणि दुसऱ्या अर्ध्याकडे उष्णताही ओढली जाते. आयर्नचं टोक छिन्नीसारखं रुंद, तापमान चारशेच्या जवळ, आणि सगळं दोन-तीन सेकंदांत. लहान टोकाने, कमी तापमानावर बराच वेळ धरून बसलं की प्लास्टिक वितळतं आणि सोल्डर तरी मुरत नाही. मी घरी लग्नाच्या लाइटच्या वायरी डागतो, तेव्हा नेमकं दुसरं करतो.

बॅटरीच्या वायरी बोर्डाला मिळतात तिथे हजार मायक्रोफॅरडचा, पन्नास व्होल्टचा लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर. पस्तीस व्होल्टचा स्वस्त पडतो, चालतोही, असं मी म्हटलं. त्यांचं उत्तर असं की थ्रॉटल एकदम सोडला की ईएससी मोटरला ब्रेक लावतात, तेव्हा मोटर उलट वीज परत ढकलते आणि व्होल्टेज बॅटरीच्या वर उसळतं. पस्तीस आणि पन्नासमधला फरक चहापाण्याचा आहे, त्यासाठी वाद नको. नाही घातला.

गिंबल मान का टाकायचं? तर गिंबल, व्हिडिओ ट्रान्समीटर आणि मॉनिटरवर आकडे दाखवणारा ओएसडी, तिघेही एकाच छोट्या बारा व्होल्टच्या बीईसीवर, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज उतरवून देणाऱ्या बोर्डावर, टांगलेले. गिंबलच्या मोटरींनी झटक्याने करंट मागितला की तो कोसळायचा. आता गिंबलला स्वतंत्र बीईसी. व्हिडिओला वेगळा, वर कॉइल आणि कपॅसिटरचा फिल्टर, आणि त्याची काळी वायर बोर्डावर एकाच ठिकाणी. आधी ती दोन वाटांनी पोचत होती, रेषा त्यामुळेच. फ्लाइट कंट्रोलरला पॉवर मॉड्यूलवरून पाच व्होल्ट. ईएससींच्या सिग्नलच्या वायरींपैकी तीनमधून पाच व्होल्टची लाल वायर कंट्रोलरला पोचत होती, एकाला एक समांतर. तिन्हींच्या लाल पिना काढून, दुमडून, हीटश्रिंकमध्ये (तापवल्यावर आवळणाऱ्या नळीत) बंद केल्या. तीन स्विचिंग बीईसी एकमेकांशी भांडत असतात, असं ताई म्हणाल्या.

बॅटऱ्यांचा दिवस वेगळा होता. माझ्या सगळ्या बॅटऱ्या घेऊन बोलावलं. चार्जरवर प्रत्येक सेलचा आतला रोध बघितला. चांगल्या पॅकचे सगळे सेल दोन-तीन मिलिओहमचे, एकसारखे. एका पॅकचा चौथा सेल अकरा. तो पॅक हाताला थोडा फुगीरही लागत होता, पण मी तो ‘थोडा जुना’ म्हणून वापरत होतो. ताईंनी तो परत दिलाच नाही. बल्बांच्या फळीवरची एकच जोडी त्याला लावली आणि पडवीत नेऊन ठेवला. चिऱ्यांचा एक कोनाडा आहे तिथे, वर पत्रा नाही, खाली वाळू. बल्ब आधी पिवळे, मग नारिंगी, मग आतली तार तेवढी लाल, असे तासभर विझत गेले. तेवढ्यात वडील येऊन बघून गेले आणि म्हणाले, ‘‘आमच्या मोटरी जळतात त्या तरी बऱ्या बाब, वास देऊन जळतात.’’ बाप-लेकीत या विषयावर कायमची जुंपलेली असावी.

चार्जिंगही त्याच कोनाड्यात, एका पॅकला दहा अँपिअरच्या वर नाही, आणि कुणी जवळ नसताना नाही. ठेवायच्या बॅटऱ्या सेलमागे ३.८ व्होल्टवर. आपण शूटिंग रद्द झालं की भरलेल्या तशाच कपाटात ठेवतो. मे महिन्याच्या उकाड्यात महिनाभर ४.२ वर ठेवलेला पॅक फुगतो, तो यामुळे.

मग चाचणी, आणि मला सगळ्यात जास्त मजा याच भागात आली. करंटचा होकायंत्रावर किती परिणाम होतो ते मोजायचं तर मोटरी जोरात फिरवाव्या लागतात, पण ड्रोन उडता कामा नये. म्हणून प्रॉप काढून उलटे केले आणि प्रत्येक एकेक मोटर पुढे सरकवून बसवला. आता हवा वर फेकली जाते आणि ड्रोन जमिनीला दाबला जातो. तरीही त्यांनी हेक्साचे पाय चिऱ्यांना बांधले. अंगणातल्या एका माणसाला उचलत नाही असल्या दोन चिऱ्यांना, सुंभाने. थ्रॉटल हळूहळू वर नेला, लॅपटॉपवर आलेख. आर्डुपायलटच्या, म्हणजे फ्लाइट कंट्रोलरमधल्या सॉफ्टवेअरच्या, या चाचणीत परिणाम तीस टक्क्यांच्या आत आला तर ठीक, साठच्या वर गेला तर उडवू नये. काम सुरू होण्याआधी त्यांनी हीच चाचणी जुन्या वायरिंगवर केली होती, तेव्हा सत्तरच्या वर. आता बारा. अंगणात पाचोळा आभाळात गेला, शेजारच्यांची कोंबडी ओरडली, आकडा मात्र बारावरून हलला नाही.

व्होल्टेजचं कॅलिब्रेशन मल्टिमीटर लावून केलं. माझा ओएसडी खऱ्यापेक्षा अर्धा व्होल्ट जास्त दाखवत होता. म्हणजे मी समजत होतो त्यापेक्षा बॅटरी दर वेळी जास्त खाली जात होती. इशारा २१.६ वर, आपोआप परतणं २१.० वर, म्हणजे सेलमागे साडेतीन. दहा हजार एमएएच गुणिले २२.२ व्होल्ट, दोनशे बावीस वॉट-तास. त्यातले ऐंशी टक्के वापरायचे. हवेत उभं राहायला साडेपाचशे वॉट. हिशोबाने एकोणीस मिनिटं येतात, ताई म्हणाल्या पंधराला खाली आणा. पूर्वी मी ‘वीस मिनिटं उडतो’ असं गिऱ्हाइकाला सांगायचो, कारण विकणाऱ्याने मला तसं सांगितलं होतं. तो आकडा कॅमेरा न लावता मोजलेला असतो, हे कुणी सांगत नाही.

जाता जाता विमानाने जाणाऱ्यांसाठी: हे २२२ वॉट-तासांचे पॅक विमानात नेता येत नाहीत. केबिनमध्ये शंभरपर्यंत चालतात, एकशेसाठपर्यंत कंपनीच्या परवानगीने, त्यावर नाहीच. बाहेरगावची कामं घेत असाल तर दोन छोटे पॅक समांतर लावण्याची सोय आधीच करून घ्या, ताई वायजोड (दोन पॅक एकत्र जोडणारी वायर) करून देतात. मला नको होती. कारवार आणि सावंतवाडीच्या पलीकडे मला कोण बोलावतो.

आता अर्धा तारा का कापला ते.

फोन उचलत नाहीत. मेसेज केला तर उत्तर येतं, पण रात्री अकराला, आणि एका शब्दाचं. दुपारी एक ते चार दार बंद. ते गोव्यात सगळीकडेच असतं म्हणा, पण साखळीहून निघालेल्या माणसाला आधी कळायला हवं. आठवड्यात होईल म्हणाल्या ते काम बरंच लांबलं, कारण मध्ये पंपाच्या मोटरींचा हंगाम आला आणि ताईंना वडिलांच्या हाताखाली बसावं लागलं. पाणी थांबलं तर पोफळी सुकतात, तुमचा ड्रोन थांबेल, असं सरळ तोंडावर सांगितलं. खरं आहे, पण माझं एक बुकिंग गेलं.

केबल टाय फार वापरतात आणि त्यांची टोकं तिरपी कापतात. प्लेट लावताना हात घालाल तर ओरखडे निघतात. मी सगळी नेलकटरने पुन्हा सपाट केली. सिग्नलच्या वायरींवर सगळीकडे काळंच स्लीव्ह, कुठली कुठल्या मोटरची ते बाहेरून कळत नाही. ताईंनी ग्राफपेपरवर हाताने काढलेला सुरेख नकाशा दिला आहे, मराठीत, प्रत्येक वायरीचं गेज आणि लांबी लिहून. पण शूटिंगच्या जागी नकाशा कोण उलगडणार? मी घरी येऊन एक ते सहा आकडे चिकटवले. आणि कॅमेऱ्याला मुख्य बॅटरीवरून वीज द्यायला त्यांनी साफ नकार दिला. कॅमेऱ्याची बॅटरी कॅमेऱ्यातच राहू दे, वायर गिंबलच्या हालचालीत येते, म्हणाल्या. मला हे पटलेलं नाही. दोन-चार पातळ वायरींनी काही बिघडत नाही, आणि दर तीन उड्डाणांनंतर कॅमेरा गिंबलवरून काढावा लागतो, तो परत तोलावा लागतो. पण त्यांच्या घरात त्यांचं चालतं.

तयार कंपनीच्या घडीच्या ड्रोनला त्या हात लावत नाहीत. गिंबलचं ट्यूनिंग करत नाहीत. उडवून दाखवत नाहीत. त्यांच्याकडे सर्टिफिकेट नाही, आणि ते नसताना उडवायचं नाही हा त्यांचा नियम. मी स्वतः गावाबाहेरच्या सड्यावर नेऊन उडवला. उभा केला, रिमोट खाली ठेवला, हात बांधून बघत राहिलो. घिरट्या गेल्या.

बिल: मजुरी आठ हजार, सामान चार हजारांच्या आसपास, प्रत्येक वस्तू हाताने लिहिलेली. मजुरी जास्त वाटेल. तीन खरेद्यांचा सल्ला ऐकला असता तर याच्या तिप्पट गेले असते, आणि ड्रोन फिरतच राहिला असता. शिवाय यात सगळ्या बोर्डांवर सिलिकॉनचा ओलरोधक थरही आला. गोव्यात याला पर्याय नाही. किनाऱ्यावर खारी हवा, सत्तरी तालुक्यात आषाढाची ओल, हरवळ्याच्या धबधब्याजवळ तुषार. तांब्यावर हिरवट कळंक चढायला एक पावसाळा पुरतो. थर देताना फ्लाइट कंट्रोलरमधल्या बॅरोमीटरचं भोक, यूएसबीचं तोंड आणि सगळे कनेक्टर त्यांनी टेपने झाकले होते. बॅरोमीटर बुजला तर ड्रोनला उंची कळत नाही, हे सांगायला विसरल्या नाहीत. पाऊस उतरल्यावर मी प्लेट उघडून बघितली, सगळं लख्ख.

चतुर्थी संपल्यावर सावईवेऱ्याच्या त्याच कुळागरात परत गेलो. माडांवरून सरळ खाली, पोफळींच्या मधून, पाटाच्या पाण्यावर. क्षितिज हललं नाही, मॉनिटरवर एक रेष नाही. मालकाने पैसे दिले, पण आधीच्या वेळेचा जाण्यायेण्याचा खर्च कापून.

जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा. प्रॉप काढून न्या, नाहीतर आत घेत नाहीत. बॅटऱ्या सगळ्या न्या, फुगलेली लपवू नका, सापडतेच. जुनं बिल आणि कुठल्या ईएससी, कुठल्या मोटरी आहेत त्याची यादी जवळ असू द्या. आणि पैसे यूपीआयने, पण वडिलांच्या फोनवर. ताईंचा फोन तेव्हाही बंदच असतो.